डाव्या हाताचा आशीर्वाद

मखमल उलटून पाहिली. गणपती डाव्या हाताने आशीर्वाद देत होता.

चार तास बसून घातलेला पांढरा धावदोरा स्वच्छ दिसत होता. टाका कुठेही हुकला नव्हता. फक्त सगळा गणपतीच उलटा झाला होता. सोंड त्याच्या उजव्या हाताकडे, मोदकही उजव्या हातात. आणि तीन वाजता ऑर्डर देणाऱ्या मुग्धाताई बघायला येणार होत्या.

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या एका छोट्या एम्ब्रॉयडरी स्टुडिओत मी डिप्लोमाची इंटर्नशिप करत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. तीही स्कॉलरशिपवर, एकदम सिंगापूरला. काही विचारायचं म्हटलं तरी मला भीती वाटायची. मालकीण मिस लिम म्हणाल्या होत्या, "काम बघू, मग डिप्लोमानंतर ठेवायचं का ठरवू." आईने इचलकरंजीत हे अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

मुग्धाताई तिथल्याच बुकित पंजांग भागात राहायच्या. त्यांच्या मराठी मंडळाला गणेशोत्सवात मूर्तीमागे लावायला मरून मखमलीचा पडदा हवा होता, मधोमध हाताने भरलेला गणपती. आमच्याकडे हाताने भरणाऱ्या एक आंटी होत्या, पण मखमलीवर डिझाइन उतरवणारं कोणी नव्हतं. मिस लिम म्हणाल्या, मशीनवर गणपतीचा पॅच करू आणि पडद्यावर लावू. मुग्धाताईंचा चेहरा पडला. तेव्हा मी, का कोण जाणे, बोलून गेले, "मी उतरवते."

"वेल्व्हेटवर? गर्ल, शुअर ऑर नॉट?" मिस लिमनी त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

"शुअर," मी म्हटलं. नव्हते.

मखमलीला लव असते. तिच्यावर पेन चालत नाही, कार्बन पेपर उमटत नाही, खडू झटकला की गेला. मला आईची पद्धत माहीत होती. आई घरी ब्लाउजवर खाके मारते. ट्रेसिंग पेपरवर डिझाइन काढायचं, रेघांवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची, पेपर कापडावर ठेवून वरून पूड घासायची. भोकांतून ठिपके खाली उतरतात. लवेवर ठिपके टिकणार नाहीत, म्हणून मी खाका मखमलीच्या मागच्या, गुळगुळीत बाजूला मारला. मग ठिपक्यांवरून धावदोरा घातला. तो पुढे दिसतो आणि आंटी त्यावर भरतात. ही युक्ती माझी होती आणि मी तिच्यावर खूश होते.

मागून उतरवलेलं पुढून आरशातल्यासारखं दिसतं, एवढंच डोक्यात आलं नाही. आईच्या वेलबुट्ट्यांना डावं-उजवं नव्हतं.

मिस लिम येऊन बघायला लागल्या. "नाइस व्हॉट! मग तोंड असं का केलंयस?"

मी सांगितलं. त्यांनी मान इकडून तिकडे करून पाहिलं.

"सेम एलिफंट, लाह."

एक क्षण मलाही वाटलं, गप्प बसावं. त्यांनीच चालेल म्हटलंय. पण तो हात माझ्यासमोर होता.

"मिस लिम," मी चाचरत विचारलं, "चायनीज न्यू इयरला पैशांचं लाल पाकीट तुम्ही एका हाताने देता?"

त्या दचकल्याच. "टू हँड्स! ऑलवेज टू हँड्स! एका हाताने दिलं तर माझी आई मला घराबाहेर काढेल."

"आमच्याकडे आशीर्वाद उजव्या हाताने देतात. आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक असतं, म्हणजे पूजेचे नियम फार, असं मानतात. मुग्धाताईंनी मुद्दाम डाव्या सोंडेचा सांगितला होता."

मिस लिमनी गणपतीचा हात पुन्हा एकदा निरखला. मग फोन माझ्यापुढे सरकवला. "यू कॉल. चूक तुझी, फोन पण तुझा."

मुग्धाताईंना मी सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं गं, आत्ताच सांगितलंस. आमचे काका आरतीआधी सोंडच बघतात. सगळ्यांसमोर माझीच शोभा केली असती त्यांनी. उद्या येऊ? पण उद्या नक्की ना, शीतल?"

"नक्की, ताई." या वेळी खरंच नक्की होतं.

मी एका टोकाने दोरा उसवायला लागले. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाला मिस लिम बसल्या, चष्मा नाकावर घेऊन. सुईच्या खुणा राहतील याची मला धास्ती होती. त्यांनी स्टीमर आणला, वाफ दिली, ब्रशने लव उभी केली. खुणा मिटल्या. हे कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. मग खाका पालथा घातला, परत पूड, परत धावदोरा.

दुसऱ्या दिवशी मुग्धाताईंनी पर्स खाली ठेवण्याआधी सोंड बघितली, मग हात बघितला. "आता कसा घरचा वाटतोय," म्हणाल्या.

त्या गेल्यावर मिस लिमनी मशीनसाठी राखून ठेवलेली पॅचची फाइल कॉम्प्युटरवरून काढून टाकली आणि मला विचारलं, "डिप्लोमा कधी संपतो?"

आता मी तिथेच काम करते. प्रत्येक खाक्याच्या कोपऱ्यात आधी मार्करने 'पुढून' किंवा 'मागून' लिहिते. परवा एका बाळाच्या लाळेऱ्यावर मशीनने हत्ती काढायचा होता. मिस लिमनी मशीन थांबवलं आणि आतून हाक मारली, "गर्ल! सोंड कुठल्या साइडला?"

मी म्हटलं, हा साधा हत्ती आहे, कुठेही चालेल. तरी त्यांनी ग्राहकाला फोन लावला.