एककळीमास्तरांची लोबेलिया

बागेत त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटात होतं. बाकी सगळे त्यांना एककळीमास्तर म्हणत, आणि तेही पाठीमागे नाही, तोंडावर. शाळेत ते कधी शिकवायला गेले नव्हते. नवीन लागलेल्या माळ्यांना डेलियाची छाटणी शिकवायचे, म्हणून मास्तर. आणि एककळी का, ते त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं की कळायचं. नखाच्या कडेला कायमचा हिरवट काळा डाग. डेलियाला पाच-सहा कळ्या धरल्या की हा अंगठा फिरायचा आणि मधली एक सोडून बाकीच्या खुडल्या जायच्या. उरलेल्या एका कळीचं फूल जेवणाच्या ताटाएवढं व्हायचं. प्रदर्शनात सलग नऊ वर्षं पहिला नंबर त्यांचाच. कुणी त्या खुडलेल्या कळ्यांबद्दल हळहळलं तर ते म्हणायचे, "सगळ्यांना थोडं थोडं देत बसलं की एकही धड वाढत नाही." हे ते इतक्यांदा म्हणाले होते की नवे माळी त्यांची नक्कल करताना हेच वाक्य घ्यायचे.

लोबेलिया आली ती एका पाकिटातून. एकोणीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्याशा बागेने अदलाबदलीत हे बी पाठवलं होतं. टांगत्या कुंड्यांतून लोंबणारी चिमुकली निळी लोबेलिया पुष्कळांनी पाहिलेली असते. ही तिची थोरली बहीण. आफ्रिकेतल्या उंच पर्वतांवर, जिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री बर्फ, तिथे वाढणारी. बरीच वर्षं नुसती पानांचा गड्डा होऊन बसते आणि एके दिवशी माणसाच्या डोक्यावरून जाणारा फुलांचा खांब वर काढते. बी मात्र दोघी बहिणींचं सारखंच, तपकिरीएवढं बारीक. जवळ शिंकलं की गेलं.

पाकिटाबरोबर एक छापील कागद होता. त्यातली भाषा मास्तरांना अर्धीमुर्धीच यायची, म्हणून त्यांनी तो घरी नेला आणि मुलीपुढे ठेवला. ती तेव्हा नववीत होती. तिची आई जाऊन वर्ष झालं होतं आणि स्वयंपाक तिच्याकडे आला होता. तिने भाजीचे हात पुसले आणि कागद वाचून दाखवला. बी मातीने झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. पाणी वरून नाही, ट्रेच्या खालून प्यायला द्यायचं. मोठं झाल्यावर मधल्या वाटीसारख्या खळग्यात पाणी साठू द्यायचं, ते उपसायचं नाही. वाळलेली पानं खोडावर तशीच लोंबू द्यायची, ती त्याची गोधडी असते. वाचता वाचता पोरीचे डोळे चमकायला लागले. रात्री पानं आत मिटतात आणि मधला कोंब गारठ्यापासून वाचवतात, हे तिने दोनदा वाचलं. मग विचारलं, "बाबा, ते झाडाला कळतं कसं, रात्र झाली ते?" मास्तर म्हणाले, कळतं खरं. आणि कागद घडी करून खिशात घातला.

अकरा रोपं उगवली. चार-चार पानांवर आल्यावर मास्तरांनी त्यातलं सगळ्यात दांडगं निवडलं आणि बाकीची दहा कचऱ्याच्या ढिगावर टाकली. त्यांच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

त्या एका रोपाची त्यांनी जी बडदास्त ठेवली, तशी कुणी पोटच्या पोराचीही ठेवणार नाही. निदान दोन पोरांपैकी एकाची तरी नाही. काचेच्या थंडघरात, गार हवा फेकणाऱ्या यंत्रासमोर त्याची जागा. पाणी पावसाचंच, टाकीत साठवलेलं. नळाच्या पाण्याचा थेंब लागू दिला नाही. माती कधी सुकली नाही आणि कधी चिखल झाली नाही. पहाटे बॅटरी घेऊन ते पानांखालच्या गोगलगायी वेचायचे. वाळकी पानं दिसायला वाईट दिसतात म्हणून मुकादमाने कात्री आणली, तर त्याच्याशी कडाकडा भांडले. दुसऱ्या उन्हाळ्यात यंत्र बंद पडलं, तेव्हा तीन दिवस बर्फाच्या लाद्या खांद्यावरून वाहिल्या.

त्या तीन दिवसांतच मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बागेत आल्या. दहावीचा निकाल लागला होता. त्या आधी एकदा घरी येऊन गेल्या होत्या. ही दुसरी खेप. थंडघरात बर्फाचं पाणी पसरलेलं, बाईंच्या चपला भिजल्या, तरी त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, जीवशास्त्रात ही शाळेत पहिली आहे, हिचं शिक्षण थांबवू नका, घरकामाचं काहीतरी बघू, मी बघते. मास्तरांनी लादी खाली ठेवली. धाकटा मुलगा तेव्हा सहावीत होता, गणितात हुशार होता, आणि त्याला वेळेवर गरम जेवण लागत होतं.

"घरात एक शिकतोय ना बाई," ते म्हणाले. "तो एकच नीट शिकू दे."

बाई गेल्या. मास्तरांनी दुसरी लादी उचलली.

पुढे लोबेलिया कमरेएवढी झाली आणि तिच्या बुंध्याशी मातीतून बाजूचे फुटवे यायला लागले. छोटे छोटे गड्डे, हुबेहूब आईच्या तोंडवळ्याचे. कागदात याविषयी काही नव्हतं, पण मास्तरांना कागद लागतच नव्हता. डेलियात बगलेचे फुटवे काढतात, शेवंतीत काढतात, मग हिच्यात का नाही? मधल्याचा जोर खातात मेले. दरवर्षी दोन-तीन यायचे आणि दरवर्षी त्यांची वाकडी सुरी फिरायची. जखमेवर ते राख लावायचे, इतकं मन लावून काम.

एकदा असा कापलेला फुटवा शर्टाच्या खिशात राहून घरी आला. मुलगी तेव्हा चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली होती. कपडे धुवायला काढताना तिला तो सापडला. तिने तो तेलाच्या जुन्या डब्यात लावला आणि घराच्या मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवला, जिथे ऊन येत नाही आणि भिंतीला बारा महिने ओल असते. मुलगा हॉस्टेलवरून सुट्टीला येणार होता, तेव्हा मास्तर त्या खोलीत गेले. त्यांना डबा दिसला. खिडकीत मुलाची पुस्तकं ठेवायची होती. हे काढ इथून, एवढंच म्हणून ते बाहेर आले. तिने काढला. कुठे ठेवला, काय केलं, त्यांनी विचारलं नाही, आणि पुढे त्यांना हे सगळं आठवायचंही काही कारण नव्हतं.

मुलगा शिकला. चांगला शिकला, त्याला नाव ठेवायला जागा नाही. परदेशात गेला, तिथलाच झाला. आधी दर रविवारी फोन यायचा, मग महिन्याने, मग फोनची जागा मेसेजने घेतली. मुलीची दोन स्थळं आली नि गेली. घर कोण बघणार, या प्रश्नावर दोन्ही वेळा गाडं अडलं. आता ती चौतिशीची होती. रोज सकाळी डबे दोन भरायची, एक त्यांचा, एक स्वतःचा.

आणि निवृत्तीला आठ महिने उरले असताना लोबेलियाने खांब वर काढला. महिनाभरात तो मास्तरांच्या डोक्याच्या वर गेला. लोकरीसारख्या केसाळ बारीक पानांच्या आड गर्द निळी फुलं, खालून वर उमलत जाणारी. लोक रांगा लावून आले. नव्या संचालकांनी झाडाबरोबर फोटो काढून घेतले आणि मास्तरांना एकदा बाजूला सरकायला सांगितलं, कारण त्यांची सावली पडत होती. मास्तरांनी मुलाला फोटो पाठवला. त्याच्याकडून वर केलेल्या अंगठ्याचं चित्र आलं.

हे झाड एकदा फुलतं आणि फुललेला गड्डा मरतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. म्हणून त्यांना आता एकच घोर होता. बी धरलं पाहिजे. आपल्यामागे काहीतरी उरलं पाहिजे. तिकडे डोंगरात पक्षी परागकण नेतात. इथे पक्षी कुठले? ते शिडीवर चढून रंगाच्या ब्रशने वरच्या ताज्या फुलांचे कण खालच्या जुन्या फुलांना लावायचे. दोन महिने, रोज. गुडघे बोलायला लागले तरी सोडलं नाही. बोंडं धरली. बोंडं वाळली. त्यांनी ती एकेक करून कागदावर फोडली, तपकिरीएवढं बी गोळा केलं, आणि एकोणीस वर्षांपूर्वीसारखंच, मातीने न झाकता, खालून पाणी देत पेरलं.

त्याच सुमारास निरोप समारंभ झाला. त्यांना बागेतर्फे चांदीचा मुलामा दिलेली वाकडी सुरी भेट मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सहा आठवडे गेले, आठ गेले. ट्रेमध्ये शेवाळ उगवलं, दुसरं काही नाही. निवृत्त झाले तरी मास्तर रोज थंडघरात यायचे. पहारेकरी त्यांना अडवत नसे. अशाच एका दिवशी बाहेरगावच्या बागेतून एक वनस्पतिशास्त्राच्या बाई आल्या. त्यांनी बी भिंगाखाली धरलं आणि मान हलवली. पोकळ आहे, म्हणाल्या, नुसती टरफलं. एकाच झाडाचे कण त्याच झाडाला लावून बहुतेक वेळा भागत नाही, दुसरं झाड लागतं. पाकिटातून एकच उगवलं होतं का?

मास्तर म्हणाले, अकरा.

 बाई वाळक्या खांबापाशी उकिडव्या बसल्या, बुंध्याची माती बोटांनी बाजूला केली आणि कापल्याचे वण चाचपत राहिल्या. मास्तर बघत होते. 

"हे फुटवे कुणी काढले?" बाईंनी विचारलं.

"मी. दरवर्षी. मधल्याला जोर मिळावा म्हणून."

"या जातीत मधला फुलून मरतो आणि बाजूचे पुढे चालतात हो," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण गेलं. "यातला एक जरी राहिला असता तरी झाड मेलं नसतं."

मास्तर चालत घरी गेले. एकोणीस वर्षं डोळ्यात तेल घालून जे जपलं, त्याला आपल्याच हाताने, राख लावून लावून संपवलं होतं. कुणी दुष्टाव्याने केलं असतं तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. वाटेत त्यांना तो तेलाचा डबा आठवला आणि ते भर रस्त्यात थांबले. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली तेव्हा कुठे पाऊल उचललं.

मुलगी दुकानातून नुकतीच आली होती, चपलाही काढल्या नव्हत्या. त्यांनी तिला दारातच सगळं सांगितलं. अकरा रोपं, फुटवे, पोकळ बी, बाई काय म्हणाल्या ते. आणि मग विचारलं, "तो डबा होता ना, खिडकीतला. त्याचं काय झालं होतं?"

तिने पर्स खुंटीला अडकवली. एवढ्या वर्षांनी कुठला डबा म्हणून तिला विचारावं लागलं नाही.

"जगला होता," ती म्हणाली. "अकरा महिने. सात पानं झाली होती. रात्री मिटायची. तुम्ही काढ म्हणालात, मी गच्चीत ठेवला. तिथल्या उन्हात चार दिवसांत गेला."

"मला सांगायचं नाही का, जगलाय म्हणून?"

"तुम्ही बघितला होतात बाबा. हिरवा होता."

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांनी उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा.  मग ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच रडू येत होतं, "मला माहीत नव्हतं गं. कुणी सांगितलंच नाही. बाजूचे काढले की मरतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती चिडली नव्हती. चिडण्याचे दिवस तिने केव्हाच, एकटीने, भांडी घासता घासता संपवले होते.

"झाडाचं नव्हतं माहीत," ती म्हणाली. "ते खरं आहे."

एवढं बोलून ती आत गेली. मास्तरांच्या डोळ्यांपुढे बर्फाच्या पाण्यात भिजलेल्या चपला आल्या, आणि पोरीसाठी दोनदा आलेल्या मुख्याध्यापिका बाई. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. थोड्या वेळाने तिने नेहमीसारखी हाक मारली, की पान वाढलंय, या.

ते उठून गेले आणि जेवले.