काळी बाजू आपली

"पलटी टाक, नई ते करपी जाई."

हे वाक्य तिच्या तोंडून दिवसातून पन्नासदा तरी निघायचं. पसरलेल्या मिरचीतून ती अनवाणी पाय ओढत चालायची आणि तिच्यामागे मिरची उलटी होत जायची. हिवाळ्यात नंदुरबारला आला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल, गावाबाहेरची मैदानंच्या मैदानं लाल झालेली असतात. ओली मिरची वाळवायच्या त्या मैदानाला आम्ही पथारी म्हणतो. अशाच एका पथारीवर तिची तीस वर्षं गेली. सगळे तिला मावशी म्हणत. मीही तेच म्हणायचो.

मिरचीपुरतं ठीक होतं, पण बाईला उलटवायची खोडच होती. मी उन्हात वाळत ठेवलेली एक पाटी तिने ओल्या रंगानिशी पालथी घातली होती. अख्खं नाव मातीला चिकटलं. मी तोंडाला येईल ते बोललो. ती म्हणाली, "मांगली बाजूले बी ऊन लागू दे ना." आता अशा बाईशी कोण डोकं लावणार?

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं, निवडणुकीच्या भिंती, सगळं करतो. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, हे गावाला माहीत आहे. तर एका वर्षी पथारीलगतच्या शाळेने विज्ञान दिनासाठी बाहेरची भिंत रंगवायला दिली. विज्ञानाच्या सरांनी मला एक चित्र दाखवलं. दूरच्या कुठल्याशा ताऱ्याला अगदी खेटून फिरणारा एक खडकाळ ग्रह. इतका जवळ, की आपला एक दिवस संपायच्या आत त्याचं वर्ष संपतं. दगड तिथे वितळून वाहतो म्हणे.

मी भिंतीच्या डावीकडे पिवळाजर्द तारा काढला आणि त्याच्या शेजारी बैलगाडीच्या चाकाएवढा ग्रह. ग्रहाला लाल रंगाचे तीन हात दिले. मागे हटून बघत होतो, तर मावशी येऊन उभी.

"हाऊ काय शे?"

सरांनी सांगितलं होतं ते सगळं मी तिला घडाघडा ऐकवलं. तिने कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं. मग विचारलं, "सोताले पलटस का?"

आली का पंचाईत. मी सरांना हाक मारली. सर म्हणाले, ताऱ्याच्या इतक्या जवळ असलेल्या ग्रहाची बहुतेक एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. तिकडे सदा दिवस, पलीकडे सदा रात्र.

"मंग येकच बाजू करपेल व्हई," मावशी मला म्हणाली. "तू अख्खा लाल काबरं करा?"

"मी भिंत रंगाडी ऱ्हायनू मावशी, मिरची नई," मी चिडून म्हणालो. पण सर हसायला लागले आणि म्हणाले, बाई बरोबर बोलते आहे. झालं. चांगला वाळलेला लाल रंग मी धुसफुसत अर्धा काळा केला.

जाता जाता तिने एवढंच विचारलं होतं, "तठे कोन ऱ्हास?"

"कोनीच नई," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात ऊन तापलं. वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायला बायका पथारीच्या मधोमध बसायच्या. डोक्यावर पदर, तोंडाला फडकं, बाकी सगळं उघड्यावर. मी भिंतीच्या राहून गेलेल्या खालच्या पट्ट्याला शेवटचा हात देत होतो. डोंगरातल्या मोलगीकडून कामाला आलेली एक तरणी बाई बसल्या जागी आडवी झाली. मावशीने तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला उचलून भिंतीच्या सावलीत आणलं. दुपारनंतर आमच्या भिंतीची सावली पथारीच्या बाजूला पडते. मग मावशी परत गेली, आपलं टोपलं उचलून आणलं आणि ग्रहाच्या काळ्या भागाला पाठ टेकून देठ खुडायला बसली.

पथारीचे मालक शेठ आले. "मावशी, मिरचीले ऊन लागस."

"मिरचीले लागस. माले नई."

"मधमा बस. आठे मन्ही नजर पडत नई. नई ते सकायपाइन येऊ नको."

मावशी उठली नाही. तिने नुसतं बोट वर करून ग्रह दाखवला. "हाऊ गोया देख शेठ. तो बी पलटत नई. ती लाल बाजूले कोन ऱ्हास, ईचार पेंटरले."

शेठ माझ्याकडे वळले. त्यांच्या दुकानाची पाटी माझी, गोदामाची माझी, पोराच्या लग्नाची कमानही मलाच मिळणार होती. कमान हातची जाणार हे मला दिसत होतं, खोटं कशाला सांगू. पण अर्धा लाल, अर्धा काळा रंग मीच दिला होता.

"कोनीच नई, शेठ," मी म्हणालो. "करपी जास."

मावशी टोपल्यातून मान वर न करता बाकीच्या बायकांना म्हणाली, "लाल बाजू मिरचीनी, कायी बाजू आपली." एक उठली, दुसरी उठली. संध्याकाळपर्यंत भिंतीला रांग लागली होती.

कमान मला मिळाली नाही. मावशीला दुसऱ्या दिवसापासून काम नाही असा निरोप गेला. पण ती आली. हात रिकामे, तरी रोज दुपारी त्याच जागी, तशीच पाठ टेकून. बायकाही तिच्याशेजारीच बसून देठ खुडायच्या. मुकादम ओरडून थकला. आठव्या दिवशी शेठ स्वतः आले. ती सावलीत बसलेली, ते उन्हात उभे. रोपवाटिकेत बांधतात तसली हिरवी जाळी हवी, असं तिने आधीच कळवलं होतं.

"चाल मावशी, कामले लाग."

"जायी बांध, मंग येसू."

जाळी बांधली गेली. आजूबाजूच्या पथारीवाल्यांनी शेठला नावं ठेवली, आणि पुढच्या वर्षी त्यांनीही बांधली. आमची मावशी मात्र त्या जाळीखाली एक दिवस बसली नाही. विचारलं तर म्हणायची, "तठे बाकीन्या बठतीन. मन्ही जागा ठरेल शे."

यंदा पावसाळ्यात ती तापाने गेली. मला पंधरा दिवसांनी कळलं. फार वाईट वाटलं. एवढा मी कुणाच्या शिव्यांनीही हललो नव्हतो.

परवा शाळेने तीच भिंत पुन्हा रंगवायला दिली. सर नवे आहेत. मी ताऱ्याला पिवळा हात दिला, ग्रहाच्या डाव्या भागाला लाल. उजवीकडे काळ्यात एके ठिकाणी रंग पार उडालाय आणि आतला चुना गुळगुळीत झालाय. पाठीच्या रुंदीचा पट्टा आणि वर डोकं टेकायचं तिथे तेलाचा गोल डाग. ब्रश मी त्याच्या कडेकडेने फिरवला.

सर म्हणाले, "अहो, एवढा तुकडा राहिला."

"तो राहू द्या."

"ग्रहाला भोक पडल्यासारखं दिसतंय. मुलं विचारतील, तिथे कोण राहतं म्हणून. त्या ग्रहावर कुणीच राहू शकत नाही."

"राहते ना एक बाई," मी म्हणालो. "काळ्या बाजूला." आणि डब्याचं झाकण लावलं.