चंद्रप्रभाबाईंनी बंद पाडलेली लाल गाडी

एकाच कारखान्यातून एकाच दिवशी आलेल्या दोन गाड्यांपैकी एक पाळणा आणि दुसरी मारेकरीण, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तुम्ही मान डोलवाल की पुरावा मागाल? शहाण्णव सालच्या डिसेंबरात लखनौने मान डोलावली, कारण सांगणाऱ्या चंद्रप्रभाबाई होत्या.

बाई मूळच्या कऱ्हाडच्या. नवरा निरंजन रेल्वेत इंजिनियर, म्हणून लखनौला. शिक्षण मॅट्रिक, तेही गणितात गटांगळ्या खात. पण ग्राहक कायदा त्यांनी अमीनाबादच्या बाजारातून जुनं पुस्तक आणून स्वतःच तोंडपाठ केला होता. तेलातली भेसळ म्हणू नका, सिलिंडरचं वजन म्हणू नका, बाईंच्या तावडीतून काही सुटत नसे. गल्ली त्यांना ‘कंप्लेंटवाली भाभीजी’ म्हणे आणि बाईंना ती पदवी वाटे. राग मात्र नाकावर थांबत नसे, नाकाच्या पुढे चार पावलं चालत असे.

शहराबाहेर चिनहटच्या पुढे नवं करमणूक मैदान झालं होतं. तिथे दोन रोलर कोस्टर शेजारी शेजारी, एक निळा, एक लाल. उंची तीच, वळणं तीच, डबेही तेवढेच. मुलीच्या, मैत्रेयीच्या शाळेची सहल तिथे जायची होती, म्हणून बाई आधी स्वतः तपासायला गेल्या.

सकाळी धुकं होतं, निळ्यावर चिटपाखरू नव्हतं. बाईंनी एसटीत टाकतात तसा पहिल्या डब्यात रुमाल टाकला आणि बसल्या. गाडी चढली, माथ्यावर रेंगाळली, हळूच उतरली. पोटातलं पाणी हललं नाही.

लाल गाडीची पाळी आली तोवर ऊन पडलं होतं आणि गर्दी उसळली होती. पुढे शेरवानीतले एक वृद्ध गृहस्थ. ते म्हणाले, “पहले आप.” अकरा वर्षं लखनौत राहून ‘आप में तहज़ीब की कमी है’ हे ऐकून बाईंचे कान किटले होते. आज दाखवूनच देऊ, असं ठरवून त्या म्हणाल्या, “नहीं जनाब, पहले आप.”

“मोहतरमा, हम तो बाद में भी बैठ लेंगे.”

“हम उसके भी बाद में.”

हा मुकाबला चालू असताना मागची माणसं दोन्ही बाजूंनी पुढे सरकून बसली. शेवटी या दोन्ही सभ्य जीवांना शेवटच्या डब्यात कोंबलं गेलं.

गाडी माथ्यावर पोचली आणि बाई बाकावरून उठल्या. स्वतः नाही, उचलल्या गेल्या. पुढचं त्यांना आठवतं ते एवढंच, की त्यांनी जनाबांची शेरवानी धरली होती आणि जनाबांनी त्यांची वेणी. तहज़ीब माथ्यावरच राहिली.

खाली उतरताच बाई बाकड्यावर चढल्या. “ये झूला ख़ूनी है.” संध्याकाळी सरकारी ऑफिसात तक्रार गेली, तिथले साहेब बाईंना ओळखून होते, लाल गाडीला सील लागलं. सीलवर साक्षीदाराची सही बाईंचीच.

दुसऱ्या दिवशी लाल गाडीचा ठेकेदार इंद्रजित घरी आला. “भाभीजी, दोनों झूले सगे भाई हैं. बड़े दिन की, क्रिसमस की छुट्टियाँ ही तो हमारा सीज़न है, घर उसी पे चलता है.”

“सख्खे भाऊ मी पाहिलेत,” बाई मराठीतच म्हणाल्या. “एक पोस्टमास्तर, दुसरा चोर.”

जेवताना निरंजनने विचारलं, “तू कुठल्या डब्यात होतीस?”

“झुल्यात होते. डब्याने काय फरक पडतो?”

निरंजनने वरणभातात लक्ष घातलं. संसारात कुठे ब्रेक लावायचा, हे त्याला कळत होतं. मैत्रेयी म्हणाली, “मम्मी, एक बार फिर बैठ के देख लो ना.” तिलाही गप्प बसवलं गेलं.

तपासणीच्या दिवशी साहेब आले, बघे जमले. सील तोडलं. बाईंनी मिरवत पहिल्या डब्यात रुमाल टाकला. लाल गाडी चढली, रेंगाळली, हळूच उतरली.

“रातोरात दुरुस्त केलीय,” बाई कडाडल्या.

“भाभीजी, सील तो आप ही के दस्तख़त का था,” इंद्रजित म्हणाला.

मग चांगली गाडी कशी असते ते दाखवायला बाई निळ्यावर गेल्या. तिथे पुढचे डबे भरलेले. जागा उरली होती ती शेवटची. आणि निळ्या पाळण्याने बाईंना असं फेकलं, की पूर्वजांची नावं क्रमाने आठवली.

उतरता उतरताच डोक्यात उजेड पडला. पुढचा डबा माथा रांगत ओलांडतो. शेवटचा माथ्यावर येतो, तोवर पुढचे खाली धावत सुटलेले असतात आणि शेपटीला फरफटत ओढतात. त्यात सकाळी गाडी रिकामी, चाकं गारठलेली. दुपारी गाडी भरलेली, चाकं तापून सैलावलेली. दोष ना लालचा, ना निळ्याचा.

सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते. जिभेच्या टोकावर आलं होतं, ‘दोन्ही बंद करा.’ अब्रू वाचली असती, आणि दोन ठेकेदार बुडाले असते. खरं बोलावं, तर उद्या भेसळीच्या तक्रारीलाही लोक हसणार. इंद्रजित हातातलं तुटकं सील नखाने खरवडत उभा होता. त्याच्याकडे बघत बाई म्हणाल्या,

“झूला ठीक है. सीट का फ़र्क़ था. ग़लती मेरी.”

गर्दीतून कोणी म्हणालं, “भाभीजी, सिलिंडर भी कहीं सीट बदल के तो नहीं तोला था?” हशा पिकला. लखनौ बाईंना हसलं, ही इतिहासातली पहिलीच वेळ.

लाल गाडी त्याच दुपारी सुरू झाली. मैत्रेयीची सहल तिच्यावरच बसली. आणि ऑफिसात बाई दिसल्या, की साहेब अजूनही खुर्ची पुढे सरकवून विचारतात, “आगे बैठेंगी या पीछे?” बाई संतापतात, बसतात, आणि तक्रार देऊनच उठतात.

तर मंडळी, तुमचीही काही खरी तक्रार असेल, तर खुशाल घेऊन या. फक्त एक विनंती: आधी जागा बदलून पुन्हा एकदा बसून बघा, आणि मगच बाईंची घंटी वाजवा.