इमान पडलं दर्यान

"कोण म्हणतो?" असं विचारताना बाई डोळ्यांवरचा चष्मा काढायच्या आणि त्याची काडी समोरच्याच्या छातीवर रोखायच्या. उद्या सुट्टी आहे म्हटलं, तर कोण म्हणतो. रेल्वे फाटक बंद आहे म्हटलं, तर कोण म्हणतो. एकदा शिपायानं सांगितलं, "बाई, चहा झाला." बाईंनी सवयीनं विचारलं, "कोण म्हणतो?" तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पातेलं म्हणतंय." त्या दिवशी त्यांना आम्ही पहिल्यांदा हसताना पाहिलं.

बोईसरच्या शाळेत आम्ही एकत्र होतो. त्या मराठी शिकवायच्या, मी गणित. आम्हा शिक्षकांना त्या विषयाच्या नावानं हाका मारायच्या. "ए भूगोल, खिडकी लाव." "ए गणित, गाडी काढ." वर्गातली अर्धी मुलं कारखान्यांतल्या कामगारांची, घरी हिंदी बोलणारी. त्यांनाही बाईंनी असं मराठी शिकवलं की ती पोरं रिक्षावाल्याशी मराठीतून भांडायची. बाई स्वतः मात्र चिडल्या की थेट तारापूरपलीकडच्या त्यांच्या कोळीवाड्यात जाऊन पोचायच्या. "माना शिकवू नको!" म्हणाल्या, 'मला'चं 'माना' झालं, की समोरच्यानं वाद थांबवावा.

आणि चिडायच्या त्या रोज. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. लोक त्याला तापट म्हणतात आणि सोडून देतात. ते कशामुळं तापलंय, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात एक नाच ठरला होता. आमच्या पट्ट्यात हळदीला गेला असाल, तर त्या गाण्यावर तुम्हीही नाचला असाल. 'इमान पडलं दर्यान, गो, इमान पडलं दर्यान.' समुद्रात विमान पडतं, विमानवाला हरवतो आणि पुढं ढोल सुरू होतो: इमानवाल्या, माना घेऊन चल. नाचाच्या तालमीला पोरं पुठ्ठ्याचे पंख लावून गोल फिरत होती. बाई वर्गातून आल्या आणि त्यांनी स्पीकरची वायर उपटली.

"हे गाणं असं नाही," त्या म्हणाल्या.

नाच बसवणारी तरुण शिक्षिका बिचकली. "बाई, पारंपरिक आहे ते."

"कोण म्हणतो?"

त्यांच्या आईच्या तोंडी त्यांनी ते ऐकलं होतं. आई बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालताना म्हणायची. हळू, आणि डोळे पुसत. पहिल्या दोनच ओळी. बाई लहानपणी पुढचं विचारायच्या, तेव्हा आई म्हणायची, "पुढचं नाय म्हनायचं."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी ते पुढचं शोधायला घेतलं. आधी स्वतःच्या गावात गेल्या. म्हाताऱ्या बायकांनी दोन ओळी म्हटल्या आणि तिथंच तोंड मिटलं. मग बोईसरमध्ये ज्यानं ते ढोलाचं गाणं केलं, त्या कीबोर्डवाल्याच्या खोलीवर आम्ही दोघं गेलो. तो भला माणूस होता. म्हणाला, "माझ्या सासूची आई गुणगुणायची. मनोरच्या बाजूला पाड्यावर राहते. मी चाल आणि पहिल्या दोन ओळी घेतल्या. पुढचे शब्द रडके होते, म्हणून नवीन टाकले."

बाईंचा चष्मा हातात आला, पण त्यांनी तो रोखला नाही. मला म्हणाल्या, "ए गणित, गाडी काढ."

चिल्हार फाट्यावरून हायवेला लागून मनोरच्या अलीकडं आत वळलो. टेकडीच्या पोटाला पाडा होता. म्हातारी अंगणात नागलीचे दाणे पाखडत बसली होती. बाईंनी गाण्याचं नाव काढलं, तशी ती म्हणाली, "तू मावरेवालीची काय?"

मावरं म्हणजे मासळी. म्हातारी पोर असताना मनोरच्या बाजाराला किनाऱ्यावरच्या बायका सुकी मासळी घेऊन यायच्या. त्यातली एक, जान्या खलाशाची बायको, दरवेळी तिच्या आईजवळ टोपली टेकायची. "बाजार उठला का ती रडत रडत गानं म्हनायची. म्हनायची, आमच्या गावान हे म्हनाया बंदी हाय. तुमच्यान म्हनते. तवा आमी शिकलो."

"म्हणा," बाई म्हणाल्या. "सगळं म्हणा."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. आवाज चिरका होता, पण शब्द एकही अडखळला नाही. गोऱ्या साहेबाचं विमान दर्यात पडलं. साहेबाचा हुकूम आला, तुफानात होड्या काढा, विमानवाल्याला शोधा. होडीचा मालक घरात बसला आणि नाखवा-खलाशांना त्यानं लोटलं. विमानवाला सापडला नाही. होडीही सापडली नाही. आणि मग:

जान्या गेला, धर्मा गेला, गेला पोशा नाखवा,
त्यांना धुंडाया कोन गेला, गो, माना नाव तरी दाखवा.

बाई खाली बसल्या. अंगणातल्या मातीत, साडीसकट. म्हणाल्या, "परत म्हणा." म्हातारीनं परत म्हटलं. मग बाई तिच्याबरोबर म्हणू लागल्या. शब्द चुकला की म्हातारी त्यांना दटावायची आणि बाई मुकाट्यानं दुरुस्त करायच्या.

परतताना त्यांनी हायवेवर मला गाडी थांबवायला लावली. ट्रकांच्या आवाजात ओरडून बोलावं, तशा त्या बोलल्या.

"पोशा नाखवा म्हणजे माझ्या आईचा बाप. आजपर्यंत सगळा गाव सांगत आला की तो बायको-पोरींना टाकून मुंबईला पळाला. मी लहानपणी प्रत्येकाला विचारायचे, कोण म्हणतो? सगळे म्हणायचे, सगळा गाव म्हणतो! आता कळलं मला कोण म्हणतो ते. ज्यानं होडीत बसवलं, तो म्हणतो. माणसं बुडवली म्हटलं, तर जाब द्यावा लागतो. पळाली म्हटलं, की झालं."

साहेबाचा एक विमानवाला हरवला, त्याला शोधायला अख्खा किनारा कामाला लावला. त्याला शोधायला जाऊन जे बुडाले, त्यांना पळपुटे ठरवलं. आणि उरलेल्या दोन ओळींवर आम्ही हळदीत नाचतोय. सांगा, यात तापट कोण?

बाईंनी गाणं पूर्ण लिहून संस्थेच्या अध्यक्षांपुढं ठेवलं. मुलं हेच म्हणतील, नाच होणार नाही, असं सांगितलं. अध्यक्षांनी कागद वाचला आणि गोड हसले. "बाई, बाहेरचे पाहुणे येणार आहेत. आनंदाचा प्रसंग आहे, त्यात हे रडगाणं कशाला? आणि ही नावंबिवं. कोण ओळखतं त्यांना?"

"म्हणूनच म्हणायची," बाई म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी बघू."

संमेलनाला नाच झाला. पुठ्ठ्याची विमानं फिरली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत बाई पायऱ्या चढून रंगमंचावर गेल्या, निवेदकाच्या हातातून माईक घेतला आणि गाऊ लागल्या. आवाज चांगला नव्हता त्यांचा. पहिलं कडवं नीट ऐकू आलं. दुसऱ्याला पाहुण्यांमध्ये चुळबुळ सुरू झाली. 'जान्या गेला' म्हणाल्या आणि माईक मेला.

मी धावत स्पीकरवाल्याकडं गेलो. "चालू कर!" तो माझ्याकडं न बघता अध्यक्षांच्या खुर्चीकडं बघत राहिला. मी त्याला बाजूला सारून बटण दाबलं, तोवर मागून कुणीतरी लाइटच घालवली.

बाई थांबल्या नव्हत्या. माईकशिवाय, अंधारात, नुसत्या घशानं म्हणत होत्या. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. पुठ्ठ्याचे पंख लावलेली पोरं तिथंच कडेला उभी होती, त्यांना सगळं ऐकू गेलं. बाई खाली उतरल्या, तेव्हा त्यातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग त्यांना शोधायला कुणीच गेलं नाही?" बाईंनी तिचे पंख सोडवले आणि म्हणाल्या, "नाही."

संस्थेनं त्यांच्याकडं खुलासा मागितला. बाईंनी एका ओळीत दिला: गाणं अपुरं होतं, पुरं केलं. थोड्याच दिवसांत त्या निवृत्त झाल्या. त्यांना निरोप समारंभ दिला नाही. मागच्या वर्षी त्या वारल्या, तेव्हा शोकसभा मात्र घेतली. अध्यक्ष म्हणाले, बाई शिस्तप्रिय होत्या, थोड्या तापट होत्या, पण मनानं निर्मळ. मी उठून बाहेर आलो. तिथं थांबलो असतो, तर काय बोललो असतो, कुणास ठाऊक.

मला बाई आठवतात त्या संमेलनानंतरच्या रविवारच्या. त्यांची एक मावशी अजून हयात होती, कोळीवाड्यात, नव्वदीला टेकलेली. बाप गेला तेव्हा ती अंगावर पीत होती. बाईंना तिला गाणं ऐकवायचं होतं. मी घेऊन गेलो.

मावशी ओट्यावर बसली होती. बाईंनी तिचा हात हातात घेऊन सगळं गाणं म्हटलं. मावशीनं हात सोडवून घेतला.

"पोशा नाखवा म्हंजे आमचा बा?"

"हां, मावशे."

"तो पळाला नाय?"

"नाय. बुडाला."

मला वाटलं, म्हातारी रडेल. पण ती संतापली.

"आता सांगतेस? आय मेली तवा सांगतेस? मरेपर्यंत कपाळाला कुंकू लावून दारान बसायची ती. गावच्या बाया विचारायच्या, नवरा मुंबईशी आला का गो? आनि हसायच्या. माझ्या लग्नान पन हसल्या!"

मावशीनं काठी शोधली, उठायला लागली. "पानी काढ."

मी पेला भरून पुढं केला. तिनं तो हातानं बाजूला केला.

"पियाला नाय रं. डोईवरून ओत. बा गेला माझा. आंघोळ नको करू?"

बाईंनी विहिरीतून पाणी काढलं. मावशीला मागच्या अंगणातल्या दगडावर बसवलं. मी पाठ फिरवून कुंपणाजवळ उभा राहिलो. डोक्यावरून पाणी पडल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर मावशीचा. ती त्या होडीच्या मालकाला शिव्या घालत होती. त्याला, त्याच्या बापाला, त्याच्या साहेबाला. अशा शिव्या मी बोईसरच्या नाक्यावरही ऐकल्या नाहीत. आणि आमच्या बाई, तांब्या भरत, ओतत, दरवेळी म्हणत होत्या, "घाल, मावशे. अजून घाल."