पोट तेवढं ऱ्हायलं

१७ फेब्रुवारी २०२३. गेलेले जीव दोन: रखमाजी, वय एकसष्ट, त्यांची नात दीपा, वय नऊ.

दीपाचा बाप आसाराम नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी दुरुस्त करतो. त्या दुपारी तो राहुरीजवळच्या आपल्या गावी होता. पांढऱ्या मोटारीने आजोबा-नातीची सायकल उडवली आणि न थांबता ती गावातल्याच रविराजच्या बंगल्याकडे वळली, हे ऊस तोडणाऱ्यांनी पाहिले. नाक्यावरच्या हवालदाराला घेऊन आसाराम वीस मिनिटांत तिथे पोहोचला.

रविराजने ओल्या बॉनेटवर हात ठेवला. "बघा, गार हाय. सकाळपासून हलली न्हाई. आत्ता नुसती धुतली."

आसाराम वाकला. मोटारीखालून टक्… टक् येत होते.

"पाणी ठिबकतंय," रविराज म्हणाला.

"खाली भुई कोरडी हाय, दादा. वरून पाणी मारलं, पोट तेवढं ऱ्हायलं."

धूर वाहून नेणारा नळ धावताना तापून प्रसरतो. मोटार थांबली की तो आक्रसू लागतो आणि भोवतीचे पत्रे सरकताना वाजतात. आवाजांतले अंतर वाढत जाते. अर्ध्याएक तासात सारे शांत होते. सकाळपासून उभी असलेली मोटार वाजत नाही. आसारामने हे सांगितले तेव्हा हवालदार हसला.

"आवाजाचा पंचनामा असतो व्हय रं? कागदावर टक टक लिहू?"

वाद संपेपर्यंत लोखंड गप्प झाले होते. कागदावर चालक अज्ञात राहिला.

आसारामने हात उगारला नाही. त्याने क्षमाही केली नाही, आणि केल्याचा आव आणला नाही. गाडी उभी केल्यावर खालून काय वाजते, असे घाबरून विचारणारे गिऱ्हाईक आठवड्याला एखादे तरी येते. तो त्याला कारण नीट समजावतो. मग त्याच स्वरात सांगतो, "रविराजची गाडी बी अशीच वाजत हुती. माझी दीपा रस्त्यावर पडली हुती तवा."

ज्याने हे एकदा ऐकले, त्याला स्वतःची मोटार लावताना दर वेळी ते आठवते. आसारामला तेच हवे होते. आता राहुरीच्या बाजारात रविराज मोटार लावून उतरला की टपरीवरची माणसे बोलणे थांबवतात आणि ऐकत राहतात. त्याने मोटार बदलली. नवीही वाजते.

एक वाक्य देणे आहे: गाडी मी चालवत होतो. रविराजने ते अजून दिलेले नाही.