मे महिन्याचं तिकीट

आमच्या घरी मासिकं येत नसत, पत्रकं येत. नाकाडोंगरीजवळच्या खाणीतले मजूर आपल्या मागण्यांचा कच्चा मजकूर माझ्या वडिलांकडे, बाबूजींकडे, आणत, बाबूजी लाल शाईनं तो शुद्ध करून देत, आणि छापून झाल्यावर उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवत असे. 'अन्याय' हा शब्द मी बहुधा 'आंबा'च्या आधी लिहायला शिकले. त्यामुळे बाविसाव्या वर्षी मी कशी होते हे वेगळं सांगायला नको. खोट्या दाखल्यावर सही करणाऱ्या माणसाशी मी बोलत नसे, आणि मी कोणाकोणाशी बोलत नाही हे गावात बऱ्याच जणांना पाठ होतं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. शाळेत भूगोल शिकवून बाबूजी निवृत्त झाले होते. वर्गाकडे तोंड ठेवून, हात मागे नेऊन ते फळ्यावर युरोपचा नकाशा काढत, आणि इटलीचा बूट कधी वाकडा झाला नाही. समुद्र मात्र त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचा एक विद्यार्थी पश्चिम जर्मनीत कारखान्यात नोकरीला होता. त्याचं पत्र आलं: तुम्ही दोघं या, राहण्या-जेवण्याचं माझ्यावर सोडा, फक्त विमानाच्या तिकिटाचं बघा.

नागपूरच्या एका एजंटानं मे महिन्याचं भाडं कळवलं. त्या भाड्यात बाबूजींच्या शिलकीतून एकच माणूस जाऊ शकत होता.

आईनं लगेच निकाल दिला. "तुमीच जा. मले काय समजते तिथलं?"

"जाऊ तं दोघं," बाबूजी म्हणाले, "नाही तं कोनीच नाही."

पण दुसऱ्या दुपारी तांदूळ निवडायच्या सुपाशेजारी ॲटलास उघडा पडला होता, आणि बाबूजी तर सकाळपासून तुमसरला गेले होते. त्या दिवशी मी ठरवलं की आईला न्यायचंच.

मी मुंबईच्या तीन एजंटांना पत्रं लिहिली. तिघांची उत्तरं थोड्याफार फरकानं सारखीच आली. शेवटी बाबूजी आणि मी नागपूरला त्या पहिल्या एजंटाकडे जाऊन बसलो. माणूस गोड होता. त्यानं चहा मागवला, दार लोटून घेतलं.

"मास्तरसाहेब, एक रस्ता आहे. एका मंडळाची पार्टी मेमध्ये जाऊन राहिली. मंडळाच्या सभासदांना भाडं फार कमी पडते. तुम्ही दोघं सभासद होऊन जा."

"सभासद सहा महिने जुना पाहिजे, असं तुमच्या कागदावरच छापलंय," मी म्हटलं.

"तारीख तर आपल्याच हातात आहे न. मागच्या दिवाळीची टाकून देऊ."

"म्हणजे खोटी."

"बेटा, सगळेच टाकतात."

बाबूजी समोरचा पेपरवेट हळूहळू फिरवत होते. ते पटकन उठले नाहीत, हेच मला लागलं. मी उभी राहिले आणि म्हटलं की खोट्या तारखेवर आमच्या घरचं कोणी जाणार नाही. मग बाबूजींनी टोपी उचलली. "पोरगी बरोबर म्हनते," ते एजंटाला म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

घरी आल्यावर मी आईला सगळं ताठ मानेनं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "आता याच्यावर एक पत्रक काढ. मी वाचीन घरी बसून."

ते दोन-तीन दिवस वाईट गेले. माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण नकार माझा होता आणि जागा तिची गेली होती. तत्त्वाची किंमत आपण सोडून दुसऱ्यानंच द्यायची असेल, तर मान ताठ ठेवायला जड जातं. हे कुठल्या पत्रकात मी वाचलं नव्हतं.

मग एका सकाळी लाखोरीच्या शेंगा सोलता सोलता आईनं विचारलं, "पन मेमध्येच काहून जाचं होतं?"

"सुट्टी राहते ना," बाबूजी म्हणाले.

"कोनाची?"

बाबूजींना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. "शाळेची," ते हळूच म्हणाले.

"अन् शाळेत कोन जाऊन राहिलं आता?"

मला हसू फुटलं, आणि लगेच थांबलंही. चारही एजंटांना मी स्वतःच्या हातानं 'मे' लिहिलं होतं. सुट्टी म्हणजे मे, याखेरीज मास्तराच्या घरात कोणाला काही सुचलंच नव्हतं.

आई बोलतच होती. "रोवना आटपला का कापनीपर्यंत वावरात आपलं काय काम राहते? भाताले पानी पाहाचं, तं ते माहा भाऊ पाहीन. तवा जाऊ."

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं नागपूरला गेलो. मला बघून एजंटाचा चेहरा जरा उतरला. भाताची रोवणी संपून कापणी सुरू व्हायच्या मधलं, म्हणजे सप्टेंबरचं भाडं मी विचारलं.

"सप्टेंबर?" त्यानं दरांचं जाड पुस्तक उघडलं. "तेव्हाचं तर इथं कोणी विचारतच नाही." बोट फिरत फिरत एका ओळीवर थांबलं. तो मंदीचा हंगाम होता, आणि भाडं मंडळाच्या भाड्यापेक्षा थोडंच जास्त होतं. कोणाचं सभासद असायची गरज नव्हती. निदान दोन आठवडे राहायचं आणि तारीख बदलायची नाही, एवढ्याच अटी.

"हे पहिले का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही मे म्हटलं."

मी पुस्तक माझ्याकडे फिरवून घेतलं आणि बारीक अक्षरातली प्रत्येक ओळ वाचली. खोटं लिहायला लावणारी जागा त्यात कुठेही नव्हती. बाबूजी म्हणाले, "दोघांचं बसते याच्यात." माझे डोळे भरून आले, म्हणून मी तीच बारीक अक्षरं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

एजंटानं पेन उघडलं. तेवढ्यात आईनं विचारलं, "तवा बर्फ राहीन का तिथं?"

एजंट बाबूजींकडे बघू लागला. बाबूजी खुर्चीत सरळ झाले. "आल्प्समध्ये हिमरेषेच्या वर बर्फ बारमाही राहते," ते वर्गात सांगावं तसं म्हणाले.

"मंग ठीक आहे," आई एजंटाला म्हणाली. "लिहा दोघांचंबी."