मोकळ्या चार मात्रा

माझे गुरू बंदिशी बांधायचे. भिंगारला लष्कराच्या एका स्टोअरमध्ये ते सिव्हिलियन क्लार्क होते. जुन्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर त्यांची स्वरलिपी असायची. स्वतः मैफलीत कधी बसले नाहीत. पुण्याहून गायक त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी येऊन बंदिशी शिकून जात. मी शाळेत संगीत शिकवायचे आणि शाळा सुटली की त्यांच्याकडे जायचे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाणी हवं असलं तरी ते नुसते बघत राहायचे. आणि एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसून मुलतानी राग गुणगुणत होते, तर ते गायला लागले. शब्दांसकट, स्पष्ट.

काकू, सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून धावत आल्या. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "होतं असं. मेंदूतली बोलण्याची जागा गेली, गाण्याची शाबूत आहे."

पण सर जे गात होते ते आम्ही कधीच ऐकलेलं नव्हतं. नवी बंदिश होती, रोज थोडी पुढे सरकायची. मी लिहून घेऊ लागले, मोबाईलवर रेकॉर्डही करू लागले. अंतऱ्याला आले की गायचे, 'दार कुणी लोटले', आणि थांबायचे. बरोबर चार मात्रा. मग 'पाऊल ओले उंबऱ्यात'. त्या चार मात्रांत ते दाराकडे बघायचे. पुढची ओळ गाऊन झाली की चेहरा पडायचा आणि बंदिश तिथेच सुटायची. मी त्या जागेत सुरांची एक हरकत भरून पाहिली. त्यांनी डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर जोरात थाप मारली. दुसऱ्या दिवशी मी नुसता आकार लावला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकू म्हणाल्या, "यांची थोरली बहीण सोनईला आहे. तिला विचार. लहानपणचं काही यांनी मला कधी सांगितलं नाही."

रविवारी मी सोनईला गेले. सरांच्या बहीण, आत्या, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना अजिबात ऐकू येत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी वाकून जय भीम केला, मोबाईलवर सरांचा फोटो दाखवला आणि गळ्याकडे बोट करून गाण्याची खूण केली. त्यांनी मोबाईल घेतला आणि गालाच्या हाडाला दाबून धरला. मी रेकॉर्डिंग लावलं. त्या डोळे मिटून बसल्या. अंतरा आला, सर थांबले, आणि मोबाईलची थरथर थांबताच आत्या बारीक, पोरीसारख्या आवाजात म्हणाल्या, "मी रे मी."

त्यांचा सूर सरांच्या सुराला लागून होता.

त्या म्हणाल्या, "आमची धाकटी. ह्यो आत बसून गायचा, कोन आलं म्हनून. ती दाराआडून म्हनायची, मी रे मी. लई हसायची दोघं. तापात गेली ती. ह्यो नऊ वर्साचा हुता. मंग त्यानं तिचं नाव घेतलं न्हाई, अन् आमी बी काढलं न्हाई."

परत येताना बसमध्ये मी ठरवलं की उद्या ती जागा आपण भरायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला. काकू दाराजवळ लसूण सोलत बसल्या होत्या. सर गाऊ लागले. 'दार कुणी लोटले' झालं आणि मी श्वास घेतला. तेवढ्यात सरांनी डावा हात उचलून मला थांबवलं. चार मात्रा गेल्या. सर दाराकडे बघत होते, पण वर नाही. खाली, सहा-सात वर्षांच्या मुलीचा चेहरा असेल तेवढ्या उंचीवर. मग हसले. पाऊल ओले उंबऱ्यात, तिहाई, सम. बंदिश पहिल्यांदा पुरी झाली.

काकूंच्या हातातला लसूण तसाच राहिला होता. "आत्ता तू काही म्हणालीस का?"

"नाही."

"मग म्हणालं कोण?"

मी तानपुरा बंद केला. मला काही ऐकू आलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सरांनी ती बंदिश परत कधी गायली नाही. पुढच्या महिन्यात ते झोपेतच गेले.

स्वरलिपी पक्की करताना मी त्या चार मात्रांत शब्द लिहिले आणि खोडून टाकले. विद्यार्थिनींना शिकवताना 'इथे थांबायचं' एवढंच सांगते. मागच्या हिवाळ्यात नगरच्या एका कार्यक्रमात त्यांतल्या एकीने ती गायली. थांबण्याची जागा आली तसा तबलजीने तिथे एक जोरकस तुकडा वाजवला, लोकांनी टाळ्या दिल्या. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. आधी मला राग आला. मग लक्षात आलं की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी, त्या चार मात्रांत कुणाचा आवाज येईल या धास्तीने अंग न चोरता, पुढची ओळ ऐकली होती. काकू शेजारी होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "तबल्यात काही ऐकूच आलं नाही. चल, मला घरी सोड."